दोन आकडे जुळले नाहीत म्हणून विश्वशास्त्र कोसळत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'बिग बँग अखेर कोसळला!' हा लेख ठळक मथळ्याने आला. दुपारपर्यंत त्याचे कात्रण आमच्या रामबागेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागले आणि दिवेलागणीपर्यंत निष्कर्षही निघाले. एकाचे म्हणणे, शास्त्रज्ञांना काही कळत नाही, शंभर वर्षे त्यांनी जगाला झुलवत ठेवले. दुसऱ्याचे म्हणणे, हे सगळे आपल्या पूर्वजांनी आधीच लिहून ठेवले होते. तिसरे एक गृहस्थ भडकून म्हणाले, विज्ञानावर शंका घेणारे आपण कोण? तिघांनीही एकच लेख वाचला होता, आणि ज्या प्रश्नाजवळ त्याने वाचकाला नेऊन सोडायला हवे होते तिथपर्यंत तो कोणालाच घेऊन गेला नाही. सिद्धान्त आणि पुरावा जुळले नाहीत, तर दोघांतले कोण चुकले हे ठरवायचे कसे? हा तो प्रश्न. पत्र लांबले आहे, पण मूळ लेखाला अर्धे पान मिळाले होते, तेव्हा शक्यतो काटछाट न करता छापावे.

मी खगोलशास्त्रज्ञ नाही. होळकर कॉलेजातून भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, पुढे मध्य प्रदेश शासनाच्या नापतौल, म्हणजे वजनमापे, खात्यात निरीक्षक म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. सियागंजातले घाऊक व्यापारी, छावणीची धान्यमंडी, सराफ्यातले काटे तपासणे हे माझे काम. विश्वशास्त्र वाचण्याची ओढ कॉलेजपासूनची. ती नोकरीतही सुटली नाही. मोजमाप कुठे फसते आणि फसलेले मोजमाप कसे पकडायचे, एवढे मी खात्रीने सांगू शकते, आणि आपल्या लेखाची गफलत नेमकी तिथेच आहे.

लेखाचा सारा डोलारा दोन आकड्यांवर उभा आहे. विश्व किती वेगाने प्रसरण पावते हे सांगणारा जो हबल स्थिरांक, त्याची किंमत एका पद्धतीने ६७ आणि दुसरीने ७३ आली, 'म्हणजे महास्फोटाचा सिद्धान्त खोटा', असे लेखक म्हणतात. आकडे खरे आहेत, पण अर्धेच छापले आहेत. प्लँक उपग्रहाच्या निरीक्षणांवरून २०१८ साली आलेली किंमत ६७.४ आहे, अधिक-उणे ०.५. ॲडम रीस यांच्या गटाने २०२२ साली दिलेली किंमत ७३.०४ आहे, अधिक-उणे १.०४. म्हणजे आपल्यापासून सुमारे साडेबत्तीस लाख प्रकाशवर्षे दूर असलेली दीर्घिका, प्रसरणामुळे, सेकंदाला इतके किलोमीटर वेगाने दूर जाते. अंतर दुप्पट तर वेगही दुप्पट. अधिक-उणे गाळले की तफावत मोठी की किरकोळ, हे वाचकाला कळायला काही मार्गच उरत नाही. इथे ती मोठीच आहे. दोन्ही अनिश्चितता एकत्र धरल्या तर त्यांच्या जवळजवळ पाचपट. निव्वळ योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता दहा लाखांत एक अशा घरातली. पण या हिशेबाला एक अट आहे. चुकीच्या ज्या वाटा माहीत आहेत त्याच अधिक-उण्यात धरलेल्या असतात. जी वाट अजून कोणाच्या लक्षातच आलेली नाही, ती त्या आकड्यात नसते.

७३ हा आकडा शिडीने येतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचे तारे किंचित सरकलेले दिसतात. त्यावरून साध्या भूमितीने त्यांची अंतरे काढायची. त्यांच्या आधारे सेफिड नावाच्या ताऱ्यांची खरी तेजस्विता ठरवायची. सेफिडचे तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होते, आणि हा काळ जितका लांब तितका तो तारा मुळात अधिक तेजस्वी, हे हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ साली दाखवून दिले. सेफिडवरून शेजारच्या दीर्घिकांची अंतरे मिळतात, त्या दीर्घिकांत दिसलेल्या एका विशिष्ट जातीच्या सुपरनोव्हांची, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांची, तेजस्विता त्यावरून ठरते, आणि तशाच सुपरनोव्हांवरून फार दूरच्या दीर्घिकांची अंतरे. रीस यांच्या गटाने मधल्या पायरीसाठी ३७ दीर्घिकांतल्या ४२ सुपरनोव्हा वापरल्या.

ही शिडी मला ओळखीची आहे. दुकानदाराचे वजन आम्ही थेट दिल्लीतल्या किलोग्रॅमशी ताडून पाहत नाही. ते निरीक्षकाच्या पेटीतल्या वर्किंग स्टँडर्डशी ताडायचे, पेटीतले वजन प्रयोगशाळेतल्या सेकंडरी स्टँडर्डशी, आणि ते त्याच्याही वरच्या रेफरन्स स्टँडर्डशी. मधल्या एखाद्या पायरीवर चूक शिरली तर बाजारातल्या शेवटच्या दुकानापर्यंत ती जशीच्या तशी पोचते, आणि तिथे कोणाला संशयही येत नाही, कारण सगळी वजने एकमेकांशी जुळत असतात. प्रयोगशाळेत आमचा तराजू काचेच्या पेटीत असे. पितळी वजन बोटांनी उचलायचे नाही, चिमट्यानेच उचलायचे. घामाचा ठसासुद्धा वजनात धरला जातो. पारड्यात ठेवले की काचेचे दार लावायचे, पंखा बंद, आणि काट्याचे झोके शांत होईपर्यंत थांबायचे. काटा मध्यावर आला नाही तर दोन शक्यता असतात. एक वजन खोटे असेल, किंवा दांडीच्या दोन बाजू सारख्या नसतील. नुसते बघून हे कळत नाही. मग डाव्या पारड्यातले वजन उजव्यात आणि उजव्यातले डाव्यात घालायचे. फरक वजनाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर खोट वजनात. होता त्याच बाजूला राहिला तर खोट दांडीत. हे झाल्याशिवाय वजनाच्या शिशात शिक्का मारायचा नाही, आणि कोणाचे वजन जप्तही करायचे नाही.

खगोलशास्त्रज्ञ सध्या हीच अदलाबदल करत आहेत, आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही. एक रास्त शंका अशी होती की दूरच्या दीर्घिकांतले सेफिड हबल दुर्बिणीला शेजारच्या ताऱ्यांच्या गर्दीत मिसळून दिसत असतील, त्यामुळे ते आहेत त्याहून तेजस्वी भासत असतील. २०२१ च्या डिसेंबरात जेम्स वेब दुर्बीण अवकाशात गेली. तिची नजर अधिक तीक्ष्ण. तिने तेच सेफिड पुन्हा पाहिले आणि हबलचे मोजमाप बरोबर निघाले. म्हणजे ती शंका मिटली. दुसरीकडे वेंडी फ्रीडमन यांच्या गटाने सेफिड बाजूला ठेवून विशिष्ट तांबड्या राक्षसी ताऱ्यांवरून अंतरे काढली, तेव्हा आकडा सुमारे ७० आला. दोघांच्या मधला. म्हणजे शिडीच्या मधल्या पायरीवर अजून एकमत नाही. लेखकाने एवढे सांगितले असते तरी वाचक शहाणा झाला असता.

आणि ६७.४ चे काय? लेख वाचून वाटते की प्लँक उपग्रहानेही असेच प्रसरण मोजले. तसे नाही. विश्व तीन लाख ऐंशी हजार वर्षांचे असताना निघालेला प्रकाश आज अतिशय थंड सूक्ष्मलहरींच्या रूपाने सर्व दिशांनी येतो. त्याच्या तापमानात लाखात एक इतके बारीक चढउतार आहेत. प्लँकने ते चढउतार मोजले. पुढे, विश्वात सामान्य द्रव्य, न दिसणारे कृष्णद्रव्य आणि प्रसरणाला वेग देणारी, न बदलणारी कृष्णऊर्जा आहे असे धरून अवघ्या सहा आकड्यांचे एक प्रारूप त्या चढउतारांना बसवले, आणि त्या प्रारूपातून आजचा प्रसरणवेग गणिताने काढला. म्हणून ६७.४ हा पुरावा आहे खरा, पण सिद्धान्ताच्या गाळणीतून आलेला. प्रारूपातली एखादी धारणा किंचित चुकली असेल तर चढउतारांचे मोजमाप बिनचूक असूनही ६७.४ चुकेल. विश्वशास्त्राच्या साऱ्या वादात मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते: निखळ, सिद्धान्ताचा हात न लागलेला पुरावा इथे जवळजवळ मिळतच नाही. भूमितीने काढलेले अंतरसुद्धा प्रकाश सरळ रेषेत आला असे धरून काढलेले असते.

मग सिद्धान्त आपल्याच पुराव्याला स्वतः साक्ष देतो, असे कोणी म्हणेल. आमच्या ग्रुपवर एका निवृत्त वकीलसाहेबांनी हेच विचारले, आणि प्रश्न खोडसाळ नव्हता. माझे उत्तर असे, की एकच सिद्धान्त एकमेकांशी संबंध नसलेल्या साक्षीदारांकडून तपासून घ्यावा. विश्व पूर्वी तप्त आणि दाट होते, एवढाच महास्फोटाचा गाभा घ्या. पहिल्या काही मिनिटांत झालेल्या अणुकेंद्रीय क्रियांवरून हेलियम वजनाने सुमारे एक चतुर्थांश असावा, असे गणित सांगते. तेवढाच तो जुन्यात जुन्या वायूंतही सापडतो. वर सांगितलेल्या सूक्ष्मलहरींचा, म्हणजे पार्श्वभूमीच्या प्रारणाचा, वर्णपट तप्त, समतोल वस्तूचा असावा. कोब उपग्रहाने तो मोजला. १९९० च्या जानेवारीत जॉन मॅथर यांनी अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांच्या बैठकीत आलेख पडद्यावर दाखवला, तेव्हा मोजलेले बिंदू सिद्धान्ताच्या रेषेवर इतके चपखल बसले होते की सभागृह उठून टाळ्या वाजवू लागले. तापमान २.७२५ केल्विन. ही साक्ष अणुकेंद्राच्या प्रयोगशाळेतल्या साक्षीहून वेगळी, आणि दूरच्या दीर्घिका जवळच्यांपेक्षा लहान आणि वेगळ्या दिसतात ही तिसरी साक्ष आणखी वेगळी. ६७ आणि ७३ च्या तिढ्याने यातली एकही साक्ष खोटी ठरत नाही. अडचणीही लपवू नयेत: त्याच अणुकेंद्रीय गणिताने लिथियम जितका निघतो त्याच्या साधारण तिसरा हिस्साच जुन्या ताऱ्यांत सापडतो, आणि या कोड्याचे सर्वमान्य उत्तर आजही नाही.

आपल्या लेखकांनी इतिहास पाहिला असता तर मथळा बदलला असता. एडविन हबल यांनी १९२९ साली प्रसरणाचा जो वेग दिला तो सुमारे ५०० होता. त्यावरून विश्वाचे वय दोन अब्ज वर्षांच्या आसपास येई, आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने निघत. लेकीपेक्षा आई लहान! त्या काळी कोणी 'प्रसरण पावणारे विश्व कोसळले' असा मथळा दिला असता तर तर्काने तो आजच्या मथळ्याहून भक्कम ठरला असता. पण चूक सिद्धान्तात नव्हती. वॉल्टर बाडे यांनी १९५२ साली दाखवले की सेफिड दोन जातींचे असतात आणि त्यांची गल्लत झाली होती. एका पायरीची दुरुस्ती होताच सगळी अंतरे दुप्पट झाली, आणि वयही.

याच्या उलटही घडते. युरेनस गणिताप्रमाणे चालत नव्हता. फ्रेंच गणिती ल व्हेरिए यांनी न्यूटनच्या नियमाला हात न लावता एक न दिसलेला ग्रह कल्पिला, आणि १८४६ च्या सप्टेंबरात बर्लिनला नेपच्यून त्यांनी सांगितल्यापासून अंशभराच्या आत सापडला. पुढे बुधाच्या कक्षेत तफावत दिसली, शतकात सुमारे ४३ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). त्याच ल व्हेरिए यांनी तोच उपाय केला: सूर्याजवळ आणखी एक ग्रह, व्हल्कन. १८७८ च्या खग्रास ग्रहणात दोन निरीक्षकांना तो दिसल्यासारखाही वाटला. व्हल्कन नव्हताच. तिथे न्यूटनचा नियमच अपुरा होता, आणि १९१५ च्या नोव्हेंबरात आइन्स्टाइनच्या सिद्धान्तातून ते ४३ नेमके निघाले. माणूस तोच, युक्तिवाद तोच. एकदा खरा, एकदा खोटा. तफावत दिसली त्या दिवशी यातला फरक कोणालाच सांगता आला नसता. कृष्णद्रव्याबाबत आज आपण अगदी त्याच जागी उभे आहोत.

१९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांना कोमा समूहातल्या दीर्घिका दिसणाऱ्या द्रव्याच्या मानाने फारच वेगाने फिरताना आढळल्या. १९७० साली व्हेरा रूबिन आणि केंट फोर्ड यांना देवयानी दीर्घिकेच्या कडेचे वायुमेघही तसेच वेगवान दिसले. एक तर न दिसणारे द्रव्य आहे (नेपच्यून), किंवा गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलायला हवा (बुध). मोर्डेहाय मिल्ग्रोम यांनी १९८३ पासून दुसरी वाट धरली आहे, आणि एकेका दीर्घिकेच्या फिरण्याचे भाकीत त्यांच्या सूत्राने फार चांगले येते. पण दोन दीर्घिकासमूहांची टक्कर झालेल्या बुलेट समूहात द्रव्याचा भार जिथे वायू आहे तिथे न सापडता बाजूला सापडतो, हे २००६ साली दिसले; तिथे पहिली वाट वरचढ ठरते. पार्श्वभूमीच्या प्रारणातही तीच वरचढ आहे. माझे स्वतःचे मत कृष्णद्रव्याच्या बाजूचे आहे. तरीही अमेरिकेत साउथ डकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोल, सात टन द्रव झेनॉन भरून वाट पाहणाऱ्या उपकरणाला आजवर त्याचा एकही कण मिळालेला नाही, आणि आपल्याकडे झारखंडात जादूगुड्याच्या युरेनियम खाणीत ५५५ मीटर खाली त्याचा शोध घेण्यासाठी प्रयोगशाळा उघडली ती २०१७ साली. 'विश्वात २७ टक्के कृष्णद्रव्य आहे' हे वाक्य वर्तमानपत्रे 'पाणी शंभर अंशांना उकळते' याच थाटात छापतात. आमच्या त्या तिसऱ्या गृहस्थांना मला हे सांगायचे आहे. शंका घेणारे आपण कोण, असे त्यांनी विचारले. शंका पद्धतीत बसणारी असेल तर ती घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही.

पुराव्यावर पद्धतशीर शंका कशी घ्यावी याचे आपल्या देशातले एक उदाहरण मराठी वाचकांपर्यंत पोचायला हवे होते. २०१८ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागातल्या निर्जन प्रदेशात बसवलेल्या एजेस नावाच्या रेडिओ उपकरणाने जाहीर केले की पहिल्या ताऱ्यांच्या जन्मकाळची खूण सापडली. ७८ मेगाहर्ट्झच्या जवळ आकाशाच्या रेडिओ-तेजात एक खळगा होता, म्हणजे आपल्या एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या जरा खाली. पण खळगा सिद्धान्ताने सांगितले त्याच्या दुपटीहून खोल. मग तो समजावण्यासाठी शोधनिबंधांचा ढीग पडला; कृष्णद्रव्याने त्या काळचा वायू थंड केला असावा, अशी कल्पनाही पुढे आली. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या मंडळींनी आधी वेगळा प्रश्न विचारला: खळगा आकाशातलाच आहे ना? अशा उपकरणाला आकाशाबरोबर पायाखालची जमीनही थोडी 'ऐकू' येते, आणि जमिनीच्या थरांतून परतणारे तरंग कसे वागतील याचा नेम नसतो. पाण्याचे तसे नाही. ते खालपर्यंत एकसारखे असते. म्हणून त्यांनी आपला सारस-३ हा ॲन्टेना तराफ्यावर चढवून कर्नाटकात दंडिगनहळ्ळीच्या तलावावर आणि नंतर शरावतीच्या धरणफुगवट्यावर तरंगत ठेवला. २०२० च्या सुरुवातीची ही गोष्ट. २०२२ च्या फेब्रुवारीत निष्कर्ष प्रसिद्ध झाला: एजेसने सांगितलेला खळगा आढळला नाही. किती खात्रीने? ९५.३ टक्के. तेवढेच त्यांनी लिहिले, त्याच्यावर एक दाणाही नाही. मला या गटाचा फार अभिमान वाटतो. कणसे आली म्हणून मळणीला धावण्याआधी पीक कोणाच्या शेतातले हे त्यांनी विचारले.

आपल्याला संपादक या नात्याने एक गोष्ट मनापासून सांगते. २०१४ च्या मार्चमध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीने अतिप्रसरणाची, म्हणजे विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या क्षणी झाले असे मानतात त्या प्रचंड वेगाच्या प्रसरणाची, खूण सापडल्याचे सांगितले, तेव्हा जगभर पहिल्या पानावर बातम्या आल्या. २०१५ च्या जानेवारीत प्लँकच्या गटाबरोबर केलेल्या एकत्र तपासणीत तो संकेत मुख्यतः आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा असल्याचे निघाले. पहिली बातमी वाचलेल्या किती जणांना दुसरी माहीत आहे, हे आपणच आपल्या परिचितांना विचारून पाहावे. सध्या कृष्णऊर्जेबाबत असेच चालले आहे. ॲरिझोनातल्या डेसी प्रकल्पाने २०२५ च्या मार्चमध्ये ती काळानुसार बदलत असल्याची चिन्हे दिली. पण त्यांचे बळ सोबत कोणती सुपरनोव्हा-यादी जोडली त्याप्रमाणे २.८ पासून ४.२ सिग्मापर्यंत बदलते (तफावत अधिक-उण्याच्या किती पट, ते सिग्मा सांगतो). पाच सिग्माच्या आत शोध म्हणायचे नाही, हा भौतिकशास्त्रातला संकेत. ही बातमी छापावी, जरूर छापावी, पण त्या शेवटच्या वाक्यासकट.

अनेक विश्वांच्या कल्पनेबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण तिच्याबद्दल बोलण्यासारखे मोजमाप फार थोडे आहे. जॉर्ज एलिस आणि जो सिल्क यांनी २०१४ च्या डिसेंबरात 'नेचर'मध्ये लिहिले की सिद्धान्त पुरेसा सुंदर असेल तर त्याला प्रयोगाची गरज नाही, हा विचार विज्ञानाला घातक आहे. मला ते पटते. सिद्धान्ताने न दिसणाऱ्या गोष्टी सांगितल्या तर हरकत नाही. पण दिसणारी एक तरी अशी गोष्ट त्याने सांगावी, जी तशी न निघाल्यास तो मागे घेता येईल.

हा कस स्वतःला लावणारा मराठी माणूस आपण नुकताच गमावला. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. हॉयल, बाँडी आणि गोल्ड यांचा १९४८ चा स्थिर-स्थिती सिद्धान्त असे सांगे की विश्व सर्व काळी सारखेच दिसले पाहिजे. म्हणजे तो खोडायला एक निरीक्षण पुरे. मार्टिन राइल यांच्या गटाने १९५५ साली आकाशातल्या रेडिओ-उगमांची, म्हणजे रेडिओ लहरी पाठवणाऱ्या वस्तूंची, मोजदाद करून तो खोडल्याचे सांगितले, तेव्हा सिडनीच्या गटाने तपासून दाखवले की त्या यादीतले कितीतरी उगम एकमेकांत मिसळलेले आहेत. तो पुरावा कच्चाच होता. १९६१ ची मोजदाद त्याहून चांगली होती, आणि १९६५ साली पार्श्वभूमीच्या प्रारणाचा शोध जाहीर झाल्यावर पारडे फिरले. नारळीकरांनी हॉयल आणि बर्बिज यांच्यासह १९९३ साली सुधारलेला सिद्धान्त मांडला. तो बहुतेकांनी स्वीकारला नाही, आणि माझ्या मते योग्यच केले. कोबच्या त्या वर्णपटाचा खुलासा त्यात फार वळणे घेऊन करावा लागतो. पण त्यांचा विरोध आकड्यांचा होता. याच नारळीकरांनी पुढे फलज्योतिषाचीही चाचणी घेतली: हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या, कसोटी आधी ठरवून. २७ जणांनी उत्तरे पाठवली. निकाल ४६ टक्के बरोबर; नाणे उडवूनही तेवढेच आले असते. 'बिग बँगवर नारळीकरांनीही शंका घेतली होती' हे वाक्य आपल्या लेखात आहे. त्यांची शंका आपल्या लेखाच्या कामाची नाही.

पूर्वजांचा दाखला देणाऱ्या शेजाऱ्यांना मी उज्जैनला घेऊन जाणार आहे. इंदुरातून वाट काही लांब नाही. सवाई जयसिंग माळव्याचे सुभेदार होते. अठराव्या शतकात त्यांनी तिथे वेधशाळा बांधली. पितळी यंत्रे लहान पडतात आणि त्यांचे आस झिजतात, म्हणून त्यांनी चुन्या-दगडाची मोठी यंत्रे उभारली. पोर्तुगालला माणसे पाठवून युरोपातली ला हीर यांची कोष्टके मागवली, स्वतःच्या वेधांशी ताडली, आणि चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाचा फरक दिसला तो लिहून ठेवला. समरकंदच्या उलुग बेगची कोष्टकेही त्यांनी अशीच पारखली. आपल्या महाराष्ट्रात केरूनाना छत्रे, व्यंकटेश बापूजी केतकर आणि लोकमान्य टिळक यांनी पंचांगशोधनाचा आग्रह धरला तो याचसाठी: पंचांगातले ग्रहण आणि आकाशातले ग्रहण जुळत नसेल तर पंचांग दुरुस्त करा. पूर्वजांचा अभिमान बाळगायला ही जागा मला पुरेशी मोठी वाटते.

शेवटी आपल्याकडून अपेक्षा. त्या लेखाचा खुलासा त्याच पुरवणीत, त्याच जागी यावा. विज्ञानाच्या बातमीत आकडा छापाल तेव्हा त्याचे अधिक-उणे छापायला जागा करावी, आणि आकडा मोजलेला आहे, गणिताने काढलेला आहे की धरून चाललेला आहे, हे एका ओळीत सांगावे. लेख छापण्याआधी विचारायला माणसे दूर नाहीत. आमच्या इंदुरात सिमरोलच्या आयआयटीत खगोलशास्त्राचा विभाग आहे. राजा रामण्णा केंद्र, ज्याला इथे सगळे अजून 'कॅट' म्हणतात, हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणाऱ्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडियाच्या चार भागीदार संस्थांपैकी एक आहे. केंद्र सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर टिपली गेली, त्यांच्या गुरुत्वीय लहरींवरून अंतर थेट निघाले, सेफिडही नको आणि सुपरनोव्हाही नको. हबल स्थिरांक आला ७०, पण अधिक १२, उणे ८. म्हणजे ६७ आणि ७३ दोन्ही त्याच्या पोटात बसतात. अशा आणखी बऱ्याच टकरी सापडल्या आणि त्या आकाशात नेमक्या कुठे झाल्या हे कळले, तर ते अधिक-उणे आवळत जाईल, आणि जागा नेमकी कळण्यासाठी पृथ्वीवर दूरदूर पसरलेली उपकरणे लागतात. हिंगोलीचे त्यातले एक. या कामातल्या कोणाकडून तरी एक लेख लिहून घ्यावा. ६७ आणि ७३ चा तिढा आज नेमका कोणत्या पायरीवर अडला आहे, एवढाच विषय पुरे.

आपली,
एक वाचक (निवृत्त निरीक्षक, नापतौल विभाग)
रामबाग, इंदूर